धांवणाऱ्यांची झोळी

गोरेगांवच्या पूर्वेस १९४९ सालीं म्हशींच्या गोठ्यांसाठीं आरे दुग्धवसाहत वसली. तिचे चढउताराचे रस्ते आज पहांटे धांवणाऱ्यांच्या पावलांनीं जागे होतात. जानेवारींतील मुंबई मॅरेथॉनसाठीं हा अभ्यास चालतो. यांतील कित्येकांस बक्षिसाची आशा नसते. ते दुसऱ्यासाठीं द्रव्य मिळवावयास निघालेले असतात.

महाराष्ट्रांत या शर्यतीची कथा जुनी आहे. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धांवणारे गडी पाहून दोराबजी टाटा चकित झाले. त्यांच्या व इतर दात्यांच्या मदतीनें १९२० सालीं हिंदी खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले आणि तेथें मॅरेथॉनमध्यें बेळगांवचा फडेप्पा चौगुले एकोणिसावा आला. तेव्हां एकानें धांवावें म्हणून दुसऱ्यांनीं पैसा दिला. आतां दुसऱ्यांनीं पैसा द्यावा म्हणून माणसें धांवतात. मुंबईची ही शर्यत २००४ मध्यें सुरू झाली. तिच्या निमित्तानें जमणाऱ्या निधीची व्यवस्था २००९ पासून युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहूं लागली. धांवणारा आपली संस्था निवडतो, आप्तेष्टांस पत्र धाडतो आणि देणगी मागतो. अशा संस्थांत मनोरुग्णांसाठीं झटणाऱ्याहि आहेत.

येथेंच खरी कसोटी लागते. अंधांसाठीं वा अनाथांसाठीं हात पसरतांना जीभ अडखळत नाहीं. मनाच्या व्याधीचें तसें नव्हे. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालीं उभें राहिलें. पण त्याचें नांव पुढें घरोघरीं थट्टेंतच घेतलें गेलें. १९१२ च्या कायद्यानें रुग्णास ‘वेडा’ म्हटलें आणि उपचारापेक्षां बंदोबस्ताची चिंता अधिक वाहिली. २०१७ च्या कायद्यानें मात्र उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. तरीहि घरचा आजारी शेजाऱ्यांपासून लपविण्याची रीत कायद्यानें मोडत नाहीं.

ती मोडते उघड बोलण्यानें. मनोरुग्णांसाठीं देणगी मागणाऱ्यास व्याधीचें नांव घ्यावें लागतें. तें ऐकून एखादा स्नेही पैशांबरोबर आपल्या भावाची, लेकीची वर्षानुवर्षें झांकलेली हकीकत हळूच सांगतो. बेचाळीस किलोमीटरांची वाट कांहीं तासांत सरते. ही दुसरी वाट पिढ्यान् पिढ्यांची आहे. झोळींत पडलेला रुपया औषधाच्या कामीं येतो; पण ज्या घराचें दार त्या मागण्यानें उघडलें, त्या घराला त्याहून मोठें दान मिळालेलें असतें.