चुकीलाही व्याकरण असतं

'स्कूल' हा शब्द मी लहानपणी 'इस्कूल' असा म्हणत असे. कल्याणला मराठी शाळेत शिकत होतो. वडील रेल्वेत होते, घरात दखनी बोलली जाई. आई, नानी, मामू सगळे 'इस्कूल' आणि 'इस्टेशन'च म्हणत. मी धडा वाचायला उभा राहिलो की वर्ग हसायचा. इंग्रजीचे सर टेबलावर डस्टर आपटायचे. "तुझी जीभ जड आहे," असं ते एकदा म्हणाले. पुढे मी कविता लिहू लागलो, मराठीतच लिहू लागलो. पण ते वाक्य बरीच वर्षं कानातून गेलं नाही.

आज बोलायचं आहे ते मात्र त्याच सरांविषयी. माझं आठवी-नववीचं वय. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सरांची वीसेक वर्षं नोकरी झालेली. अशा वयात त्यांनी पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं. हैदराबादच्या सीआयईएफएल या संस्थेचा, नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठीचा, टपालानं चालणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांनी घेतला. डोंबिवलीहून येताना लोकलमध्ये जागा मिळाली तर मांडीवर पाठांचं बाड उघडलेलं असे आणि ओठ पुटपुटत असत. शेजारच्याला वाटे, सर जप करताहेत. ते इंग्रजी शब्दातला आघात कुठे पडतो, ते घोकत असत. सुट्टीत प्रत्यक्ष वर्गांसाठी कल्याणहून हैदराबादची गाडी पकडत.

वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला हे शिकावंसं का वाटलं असेल? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवायचं ठरलं. मातृभाषेला तिचं स्थान मिळावं, हा त्यामागचा विचार. पण त्यामुळे इंग्रजीला मिळणारी वर्षं कमी झाली आणि एस.एस.सी.ची परीक्षा तर समोर होतीच. शिक्षकांच्या हाती होती ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि घोकलेलं व्याकरण. नियम सांगता येत होते. मूल का चुकतं, हे सांगणारं शास्त्र वर्गात अजून पोचलं नव्हतं.

ते शास्त्र आपल्या जवळच, पुण्यात, उभं राहत होतं. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकारानं डेक्कन कॉलेजात १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्यानं भाषाविज्ञानाचा मोठा उपक्रम सुरू झाला. सुट्टीत तिथे भाषाविज्ञानाची सत्रं भरत आणि देशभरातले भाषांचे अध्यापक बाकावर बसून शिकत. इंग्रजीच्या वर्गातून भाषाविज्ञानाकडे वळलेल्या मंडळींत आपली मोठी माणसं आहेत. अशोक केळकरांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर डॉक्टरेट मिळवली आणि पुढे डेक्कन कॉलेजात ते वर्षानुवर्षं शिकवत राहिले. भालचंद्र नेमाडे यांनीही डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचा अभ्यास केला आणि इंग्रजीचं अध्यापन केलं.

१९५८ मध्येच हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन झाली. फोर्ड फाउंडेशन आणि ब्रिटिश कौन्सिल यांची मदत तिला होती. कन्नडचे थोर कवी वि. कृ. गोकाक यांनी सुरुवातीच्या काळात तिचं संचालकपद सांभाळलं. इंग्रजी शिकवणाऱ्यांना शिकवायला एक कन्नड कवी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९७२ मध्ये इतर परकी भाषाही आल्या आणि तिचं नाव सीआयईएफएल झालं. २००७ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. उच्चारशास्त्र, आधुनिक इंग्रजीचं व्याकरण, अध्यापनाच्या पद्धती असे विषय तिथे अनुभवी शिक्षकांना शिकवले जात.

याच सुमारास जगातही विचार बदलत होता. एडिंबरोचे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शिकणाऱ्याची चूक हा पुरावा असतो. त्याच्या डोक्यात भाषेचा कोणता नियम तयार होतो आहे, ते ती चूक सांगते. शिक्षकानं ती खोडण्याआधी वाचायला हवी.

सरांनी ती वाचायला सुरुवात केली, आणि पहिला नंबर माझा लागला.

एक दिवस त्यांनी मला उभं केलं. मी घाबरलो. ते म्हणाले, "स्टूल म्हण." मी म्हटलं, "इस्टूल." वर्ग हसला. "आता सायकल म्हण." "सायकल." "स्लेट?" "सिलेट." "स्लीपर?" "सिलीपर." सरांनी सगळे शब्द फळ्यावर मांडले आणि वर्गाकडे वळले. "बघा, सायकलला हा 'इ' लावत नाही. 'स'ला 'क' किंवा 'ट' जोडला असेल तर 'इ' आधी येतो, 'ल' जोडला असेल तर 'इ' मध्ये शिरतो. एकदाही गोंधळला नाही. हा नियम पाळतोय, फक्त नियम त्याच्या घरचा आहे." मग त्यांनी सांगितलं, की स्पेनमधली माणसं शाळेला 'एस्कुएला' म्हणतात. लॅटिनच्या 'स्कोला'पुढे त्यांनीही असाच स्वर लावला. म्हणजे एक अख्खा देश 'इस्कूल'मध्ये जातो!

त्या दिवशी कुणी हसलं नाही. माझ्या बाकावरचा आगरी मित्र 'पाणी'ला 'पानी' म्हणे आणि मराठीच्या तासाला बोलणी खाई. मधल्या सुट्टीत तो मला म्हणाला, "मंग माजा पन नियमच हाय ना?" होता. सगळ्याच 'ण'चा तो 'न' करायचा, एकही सोडायचा नाही.

सरांनी मला 'स्कूल' म्हणायला शिकवलंच. पण आता कुठे काम करायचं, ते त्यांना ठाऊक होतं. 'स्स्स' असा आवाज लांबवायचा आणि मग 'कूल' जोडायचं. आठवड्याभरात जमलं. घरी मी आजही 'इस्कूल'च म्हणतो.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या एकेका वर्गात मालवणी, आगरी, अहिराणी, भोजपुरी, दखनी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. त्यांना इंग्रजी शिकवायचं तर आधी त्यांच्या घरची बोली ऐकता आली पाहिजे, आणि तो कान नुसत्या अनुभवानं तयार होत नाही. सरांकडे वीस वर्षांचा अनुभव होता आणि मला ते जड जिभेचा म्हणत होते. अनुभवाला शास्त्र भेटलं, तेव्हा त्यांना माझं बोलणं ऐकू आलं.

मतदार याद्या आणि निवडणुकीच्या कामासाठी शिक्षकाला वर्गाबाहेर काढायला आपल्याला वेळ सापडतो. मग चाळिशीतल्या शिक्षकाला भाषाविज्ञान शिकण्यासाठी एक भरपगारी वर्ष द्यायला काय हरकत आहे? माझ्या सरांनी ते लोकलच्या गर्दीत, स्वतःच्या पैशानं आणि सुट्ट्या खर्चून केलं. ते शिकले नसते तर 'आपली जीभ जड आहे' असंच मी समजत राहिलो असतो. मग कविता लिहिली असती की नाही, कुणास ठाऊक.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)