सारख्या दिसणाऱ्या पेशी

मनुष्याच्या रक्तांत ‘टी’ नांवाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील मारक पेशी विषाणूनें ग्रासलेल्या पेशींचा नाश करतात, तर साहाय्यक पेशी त्यांस बळ पुरवितात. सूक्ष्मदर्शकाखालीं मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. एकाच गणवेशांतील दोन पलटणी जणूं! त्या वेगळ्या ओळखाव्या कशा?

१९७५ सालीं केंब्रिज येथें कोहलर व मिलस्टाइन यांनीं प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या पेशीचा कर्करोगाच्या पेशीशीं संकर घडविला. ही संकरित पेशी अखंड वाढते व एकाच जातीचें प्रतिपिंड देत राहते. त्या प्रतिपिंडास एकच खूण ठाऊक. त्यास चमकणारा रंग जोडला कीं ती खूण असलेल्या पेशी तेवढ्या उजळतात. मारक पेशींवरील खुणेस पुढें ‘सीडी ८’ व साहाय्यक पेशींवरील खुणेस ‘सीडी ४’ हीं नांवें पडलीं.

१९८१ सालीं अमेरिकेंत तरुण माणसें एका अपरिचित रोगानें दगावूं लागलीं. अशाच प्रतिपिंडांनीं त्यांचें रक्त तपासलें, तों मारक पेशी शिल्लक, पण साहाय्यक पेशी जवळजवळ नाहींशा! तो रोग म्हणजे एड्स.

महाराष्ट्रासहि त्याची मोठी झळ लागली. १ एप्रिल २००४ रोजीं भारत सरकारनें मोफत औषधयोजना आरंभिली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचें जे. जे. रुग्णालय होतें. प्रकृति वरकरणी बरी दिसणाऱ्यास तेव्हां घनमिलिमीटरमागें सीडी ४ पेशी दोनशेंहून कमी भरल्या, तरच औषध मिळे. २०१७ सालीं ही अट सुटली. तोंवर औषध आज कीं उद्यां, याचा निवाडा त्या उजळलेल्या पेशींची गणतीच करीत असे.