अपिलाचा हक्क कागदावर, माणूस तुरुंगात

अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाविषयी आपल्या वस्तीतही कुणी बोलत नाही. 'केलंच असेल त्यानं' म्हणून विषय संपतो. पण मित्रांनो, त्याच्या अपिलाचा प्रश्न हा संविधानाचाही प्रश्न आहे.

१९८५ साली एनडीपीएस कायदा आला. हेरॉईन, चरस, अफू बाळगली तर किमान १० वर्षे सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड. अगदी थोडा माल स्वतःच्या सेवनासाठी असेल तर शिक्षा कमी होती, पण तो विकण्यासाठी नव्हता हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवरच. ते जमले नाही, की पुडीवाला पोरगा आणि बडा तस्कर यांची किमान शिक्षा एकच!

१९८९ मध्ये त्यात कलम ३२-अ घातले गेले. सेवनाचा गुन्हा वगळता या कायद्याखालची शिक्षा स्थगित करायची नाही, माफ करायची नाही, कमी करायची नाही. अपिलाचा हक्क मात्र शाबूत! म्हणजे अपील उच्च न्यायालयात पडून आणि माणूस आत. उद्या तो निर्दोष ठरला, तर गेलेली वर्षे कोण परत देणार? १९९९ मध्ये मक्तूल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा तसाच कडक अर्थ लावला.

बाबासाहेबांनी संविधान सभेत ज्या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा म्हटले, तोच अनुच्छेद ३२ इथे कामी आला. 'दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात १२ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार काढून घेण्यापुरते कलम ३२-अ घटनाबाह्य आहे. दार सताड उघडले नाही. माफीवरची बंदी राहिली, आणि स्थगितीलाही कलम ३७ च्या कडक अटी लागल्या. पण दार उघडले. २००१ च्या दुरुस्तीने मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्याही आल्या.

आपल्याला हे नवीन नाही. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले झाले, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नव्हते. वापरता येत नाही तो हक्क नुसता कागद असतो.

तुरुंगात आपल्या माणसांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी हे पाठ करावे: उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस, योग्य कारण दिल्यास उशीर माफ होऊ शकतो. कैदी तुरुंग अधीक्षकामार्फतही अपील पाठवू शकतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीतील माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो.

तो दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवेल. ६० दिवस उलटण्याआधी त्याच्या घरी जाणे आपले काम आहे.

जय भीम!