तिघांचा एक आवाज

आमच्या आंबोलीत आषाढात धुके असे उतरते की समोरचा माणूस दिसत नाही. हाकेवरूनच तो ओळखायचा. मला मात्र नाव सांगितले की हमखास प्रश्न येतो, "तुम्ही मुसलमान, आणि कविता मराठीत?" पूर्वी राग यायचा. आता मी बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांची गोष्ट सांगतो. तेच शाहीर अमर शेख. आई मुनेरबींकडून लोकगीते घेतलेला, गिरणीत राबलेला हा माणूस. पण मंडळी, त्यांच्या एकट्याची गोष्ट अपुरी आहे.

१९४४ साली मुंबईत अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ वाटेगावच्या मातंग वस्तीतले, शाळा जवळजवळ न पाहिलेले. त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, बंगालच्या दुष्काळावर गाणे केले. गव्हाणकर लिहीतही आणि गातही. शेखांचा आवाज पहाडी. शाहिराने ओळ टाकायची आणि झीलकऱ्यांनी ती उचलायची, ही रीत जुनीच. तिच्यात गिरणगावाचे दुःख यांनी भरले. अण्णाभाऊंनी तमाशातली गवळण गाळली, गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केले. जुन्या रसिकांना ते रुचले नसेल, पण चाळीतल्या माणसाला रंगमंचावर आपलेच घर दिसले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकावर बंदी घातली. तमाशाला बंदी, तर यांनी लोकनाट्य केले! परवानगीचा कागद आणि लोकांचा कान यांत कान नेहमीच पुढे असतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड शेखांच्या आवाजात मैदाने भारून टाकी. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावी राहिलेली बायको. आणि ऐकता ऐकता ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख होऊन जाते. आमच्या गावावरून जाणारा घाटरस्ता थेट बेळगावला पोहोचतो. त्यामुळे १ मे १९६० ला राज्य झाले तरी इकडच्या माणसाला ते गाणे जुने वाटत नाही. कित्येकांच्या लेकीबाळी त्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला दिलेल्या.

तोवर तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. शेखांनी आपले पथक काढले, अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे वळले. १९५९ मध्ये 'फकिरा' आली. आज जयंत्या होतात त्या एकेकट्याच्या. अण्णाभाऊंचा फलक एका चौकात, शेखांचे नाव दुसऱ्या. गव्हाणकरांना तर चौकही क्वचितच. एका तालावर गायलेली माणसे आपण जातीधर्माच्या हिशेबाने वाटून घेतली, याचे मला वाईट वाटते.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ मुंबईत गेले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळच्या अपघातात शेखही गेले.