जिंजीचा कबिला : एका तान्ह्या राजपुत्राचे स्थलांतर आणि बहुभाषिक साधने

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७ साली जिंजीच्या किल्ल्यात लिहिली गेली, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सर्वत्र नोंदवलेली असते. पण त्या वेळी जिंजीत काय चालले होते याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. झुल्फिकारखानाचा वेढा १६९० च्या उत्तरार्धात सुरू झाला होता. कधी सैल, कधी घट्ट होत तो सातव्या वर्षात पोचला होता. छत्रपती राजाराम किल्ल्यात होते, त्यांचा परिवार होता, आणि त्या परिवारात शिवाजी नावाचे एक मूल होते. ताराबाईंच्या पोटी ९ जून १६९६ रोजी जिंजीतच जन्मलेले हे मूल, सभासद त्याच्या आजोबांचे चरित्र लिहीत असताना, रांगण्याचालण्याच्या वयाचे होते. पुढच्या वर्षाच्या आरंभी किल्ला पडला आणि पावणेदोन वर्षांच्या या मुलाला, ज्याने महाराष्ट्र पाहिलाच नव्हता, तिकडे न्यावे लागले. हे स्थलांतर मराठी, संस्कृत, फारसी, इंग्रजी आणि तमिळ परंपरांत कसे नोंदले गेले, किंवा का नोंदले गेले नाही, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. मराठी कागदपत्रांत लढवय्या माणसाच्या बायकामुलांना ‘कबिला’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ टोळी, कुळ. मराठीत येता येता तो आकुंचित झाला आणि घरची मुलेमाणसे एवढ्यावर स्थिरावला. मात्र ‘कुटुंब’ या शब्दाला जे स्थैर्य आहे ते ‘कबिल्या’ला नाही. कबिला हलवावा लागतो, कुठे तरी सुरक्षित ठेवावा लागतो, शत्रूच्या हाती सापडू नये म्हणून जपावा लागतो. ‘कबिला’ म्हटले की सामान, मेणे, रक्षक आणि रस्ता हे सारे मनात येते. फौजेबरोबर चालणाऱ्या इतर बिनलढाऊ माणसांना ‘बाजारबुणगे’ हा तुच्छतादर्शक शब्द आहे. कबिल्याला असा उपहास वाट्याला आला नाही, पण लष्करी दृष्टीने दोन्ही ओझेच. सभासदाने शिवाजी महाराजांच्या लष्करी शिस्तीचे वर्णन करताना फौजेत स्त्रिया नेण्यास सक्त मनाई होती असे सांगितले आहे. हा मजकूर ज्या किल्ल्यात लिहिला गेला तेथे राजाचा अवघा कबिला वेढ्यात अडकला होता. सभासदाला ही विसंगती जाणवली असेल की नाही हे ठरवण्याचे साधन नाही, आणि त्यावर फार कल्पना लढवण्यातही अर्थ नाही. तथापि राजारामाच्या इच्छेवरून लिहिलेल्या या बखरीत जुन्या शिस्तीची आठवण इतक्या ठसठशीतपणे यावी, याला त्या परिस्थितीचा संदर्भ आहे असे मला वाटते.

राजाराम जिंजीला गेले ते मात्र कबिल्याविना. संभाजी महाराजांचा वध मार्च १६८९ मध्ये झाला. त्याच महिन्यात रायगडास वेढा पडला. एप्रिलमध्ये राजाराम रायगडाबाहेर पडले, आणि सप्टेंबरअखेर पन्हाळ्याहून निवडक माणसांनिशी वेषांतर करून दक्षिणेकडे निघाले. बेदनूरच्या चेन्नम्मा राणीने त्यांना आपल्या मुलखातून वाट दिली. वेलोरमार्गे ते जिंजीस पोचले तेव्हा वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर असलेल्या केशव पंडिताने ‘राजारामचरितम्’ या संस्कृत काव्यात हा प्रवास वर्णिला. तंजावरच्या सरस्वती महालातील त्याची प्रत वा. सी. बेंद्रे यांनी १९३१ मध्ये प्रकाशात आणली. काव्य घटनेनंतर लगेच रचलेले असल्यामुळे त्याचे साधनमूल्य मोठे आहे. पण संस्कृत चरितकाव्याचा नायक एकटा चालतो. जे मागे राहिले ते त्याच्या कक्षेबाहेरचे आहेत.

आणि मागे पुष्कळ राहिले होते. १६८९ च्या अखेरीस रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले. प्रतापराव गुजरांची कन्या असलेल्या राजारामांच्या ज्येष्ठ राणी जानकीबाई याही त्यांत होत्या. म्हणजे एकाच घराण्यातील एक मूल बादशाही छावणीबरोबर फिरत वाढले आणि दुसरे मूल दक्षिणेतल्या एका किल्ल्यात जन्मले. शाहू १७०७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, औरंगजेबाच्या छावणीत होते. फिरती मोगल छावणी म्हणजे तंबूंचे शहरच. त्यात जनानखाना, बाजार, कारखाने सर्व काही असे. शाहूंच्या संगोपनाचा काही भार बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने उचलला. मोगलांच्या दृष्टीने कबिला ही लष्कराबाहेरची वस्तू नव्हती. मराठ्यांना ती गडावर ठेवून मोहिमेवर जाण्याची सवय होती. जिंजी प्रकरणात ही सवय मोडली गेली.

ती मोडण्याचे कारण राजकीय होते. राजाराम परत येण्याची चिन्हे दिसेनात. इकडे विशाळगडावर रामचंद्रपंत अमात्यांच्या देखरेखीखाली असलेल्या राण्यांची सुरक्षितता दिवसेंदिवस अवघड होत चालली. आणि वंशाला पुत्र हवा होता, ही बाबही दुर्लक्षून चालणार नाही. १६९४ च्या सुमारास ताराबाई आणि राजसबाई यांना राजापूरच्या बाजूने समुद्रमार्गे होनावरला आणि तेथून बेदनूरच्या मुलखातून जिंजीला पोचवण्यात आले. हंबीरराव मोहित्यांची लेक आणि कागलच्या घाटग्यांची लेक गलबतातून कारवार किनाऱ्याने खाली जात आहेत, हे दृश्य मराठी कादंबरीकारांनी अद्याप फारसे हाताळलेले दिसत नाही. घाटावरच्या लढवय्या घराण्यांतील स्त्रियांना समुद्राचा परिचय असण्याचे काही कारण नव्हते.

ज्या जिंजीत त्या पोचल्या तो किल्ला राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्यांचा. चेन्नईहून तिंडिवनममार्गे तेथे दीडशे-एक किलोमीटर अंतर पडते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. तीनही टेकड्यांना वेढणारा तट इतका लांब आहे की त्याची संपूर्ण नाकेबंदी करणे झुल्फिकारखानाला कधीच जमले नाही. आणि त्याला ते करावयाचे होते का, याविषयी त्याच्याच बाजूच्या भीमसेन सक्सेना याने शंका व्यक्त केली आहे. भीमसेन हा बऱ्हाणपूरचा कायस्थ, दलपतराव बुंदेल्याच्या पदरी. त्याचा ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ हा फारसी ग्रंथ या वेढ्याचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत म्हणून अमोल आहे. खान मुद्दाम वेळ काढतो, हा त्याचा आरोप पुढील सर्व इतिहासकारांनी विचारात घेतला. १६९४ मध्ये खानाने तंजावरच्या शहाजी राजांना, म्हणजे राजारामांच्या चुलतभावाला, खंडणी कबूल करावयास लावली. तेव्हापासून जिंजीला नात्यातून मिळणारी रसद आटली. मूल जन्मले ते अशा टंचाईच्या दिवसांत.

आता १६९८ च्या आरंभीचा प्रसंग. राजाराम किल्ला पडण्यापूर्वीच वेलोरला निसटले आणि फेब्रुवारीत विशाळगडास पोचले. परिवार मागे राहिला. येथून साधने दुभंगतात. जदुनाथ सरकारांनी मुख्यतः फारसी साधनांवरून जो वृत्तांत दिला त्यात राण्या व मुले किल्ल्यात पकडली गेली असे आहे. एका राणीने कैद टाळण्यासाठी कड्यावरून उडी घेतल्याचाही उल्लेख आहे. मराठी परंपरा वेगळे सांगते. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीत मोगलांकडील मराठे सरदार शिर्के यांच्याशी खंडो बल्लाळाने संधान बांधले, शिर्क्यांनी मोबदल्यात दाभोळचे वतन मागितले, आणि खंडो बल्लाळाने ते स्वतःचे वतन क्षणात लिहून दिले, अशी हकीकत येते. शिर्क्यांच्या छावणीच्या आडोशाने सुटका घडली. मल्हार रामराव हे खंडो बल्लाळाचेच वंशज. बेंगळूरजवळ राजारामांचे पाय धुताना सेवकांची अदब पाहून मोगलांना संशय आला आणि खंडो बल्लाळ इत्यादींनी मार खाऊन धनी वाचवला, ही १६८९ च्या प्रवासातली कथाही याच बखरीने रूढ केली. ती खोटीच असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु शंभरांहून अधिक वर्षांनी लिहिणाऱ्या वंशजाच्या लेखणीत पूर्वजाचा त्याग अधिक उजळतो, ही बखरवाङ्मयाची नेहमीची रीत ध्यानात ठेवली पाहिजे.

या दोन वृत्तांतांचा मेळ घालता येतो असे मला वाटते. परिवार मोगलांच्या हाती आला आणि नंतर सोडला गेला, असे झाले असणे शक्य आहे. खानाच्या डोळेझाकीशिवाय ते घडणार नाही, आणि खानाने डोळेझाक केली असती हे भीमसेनाच्या आरोपाशी जुळते. मध्यस्थ म्हणून गणोजी शिर्क्यांचे नाव परंपरेत येते. गणोजी येसूबाईंचे भाऊ, आणि शिवाजी महाराजांची कन्या राजकुंवर त्यांच्या घरी दिलेली. म्हणजे त्या तान्ह्या मुलाच्या आत्याचे यजमान. संभाजी महाराजांच्या काळी शिर्क्यांचे घर फुटून मोगलांकडे गेले होते. वतनाची गोष्ट खरी असली तरी केवळ वतनापोटी एवढा धोका पत्करला गेला, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. भाचा शत्रूच्या कबिल्यात आहे म्हणून तो परका होत नाही. बखरकाराला वतनाचा करार दिसला, कारण करार कागदावर असतो. नात्याचा कागद होत नाही.

राजसबाईंच्या पुत्राचा, संभाजीचा, जन्म १६९८ च्या मे महिन्यात झाल्याचे मानतात. ती तिथी ग्राह्य धरली तर या परतीच्या प्रवासात एक राणी गरोदर होती आणि दुसरीच्या कडेवर पावणेदोन वर्षांचे मूल होते. एवढा भार घेऊन शत्रूच्या मुलखातून सह्याद्री गाठण्याची कामगिरी कोणत्याही लढाईपेक्षा कमी नव्हती. दाया, उंट, मेणे, भोई, रात्रीचे मुक्काम, मुलाचे दूध यांविषयी पाच भाषांतील साधनांपैकी एकही बोलत नाही. काव्याला नायक हवा, बखरीला स्वामिनिष्ठा हवी, तवारिखीला विजय हवा.

उरली इंग्रजांची दप्तरे. फोर्ट सेंट जॉर्जच्या रोजनिश्या आणि सल्लामसलतीची पुस्तके चेन्नईच्या एग्मोर येथील तमिळनाडू अभिलेखागारात आहेत. त्यांतला राजाराम हा ‘रामराजा’. तो जमीन विकणारा एक सत्ताधीश आहे. १६९० मध्ये कंपनीने त्याच्याकडूनच कडलूरजवळचा तेगनापट्टणचा कोट घेतला, तो पुढचा फोर्ट सेंट डेव्हिड. विक्रीच्या अटीप्रमाणे कोटावरून तोफ डागून गोळा जाईल तिथवरचा मुलूख त्यांना मिळाला. तीनच वर्षांनी कंपनीने दुसऱ्या पक्षाकडून, म्हणजे वजीर असदखानाकडून, तोंडियारपेट, पुरसवाकम आणि एग्मोर ही गावे मिळवली. असदखान हा झुल्फिकारचा बाप. जिंजीच्या वेढ्याचे कागद ज्या एग्मोरात जपले आहेत ते एग्मोर वेढा घालणाऱ्यांनी दिलेले, हा योगायोग अभिलेखागारात बसणाऱ्या अभ्यासकाला सुखावल्याशिवाय राहत नाही.

तमिळ लोकस्मृतीत मात्र रामराजाही नाही आणि त्याचा मुलगाही नाही. तेथे जिंजी म्हणजे देसिंगु राजा. किल्ला पडल्यावर तो स्वरूपसिंग बुंदेल्याकडे आला. त्याचा मुलगा तेजसिंग १७१४ मध्ये अर्काटच्या सादतुल्लाखानाशी लढताना तरुणपणी मारला गेला आणि त्याची पत्नी सती गेली. त्याची कथागीते आजही परिचित आहेत. त्यांत त्याचा घोडा आणि मुसलमान मित्र यांना नायकाच्या बरोबरीचे स्थान आहे. बुंदेलखंडातून आलेले हेही एक लष्करी कुटुंबच. चौदा-पंधरा वर्षे राहिलेले बुंदेले तमिळ गाण्यात शिरले आणि १६७७ पासून वीस वर्षे राहिलेले मराठे शिरले नाहीत, याचे उत्तर मुक्कामाच्या लांबीत नाही. बुंदेल्यांचा तरुण तेथे मेला. मराठ्यांचा राजपुत्र तेथून सुटला. लोकगीताला मरणाची जागा लागते. नारायण पिळ्ळै याच्या एकोणिसाव्या शतकारंभीच्या ‘कर्नाटक राजाक्कल सविस्तर चरितम्’ या गद्य ग्रंथात जिंजीचा मराठा काळ येतो, पण ते कंपनीच्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेले वृत्त आहे, गाणे नव्हे. चि. श्री. श्रीनिवासाचारी यांनी १९४३ च्या जिंजीविषयक इंग्रजी ग्रंथात त्याचा भरपूर उपयोग केला.

सुटलेल्या मुलाचे पुढचे आयुष्य सर्वपरिचित आहे, त्याची उजळणी थोडक्यात करतो. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम वारले आणि ताराबाईंनी चार वर्षेही पूर्ण न झालेल्या शिवाजीला गादीवर बसवून सात वर्षे मोगलांशी झुंज दिली. १७०७ मध्ये शाहू सुटून आले. छावणीत वाढलेला आणि जिंजीत जन्मलेला अशा दोन चुलतभावांच्या नावाने मराठे खेडजवळ लढले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंनी सत्तापालट घडवला. शिवाजी कैदेत गेला, संभाजी गादीवर आला. रामचंद्रपंतांचे ‘आज्ञापत्र’ या संभाजीच्या नावाचे आहे, आणि त्यात राजारामांच्या कर्नाटकगमनाचा उल्लेख आहे. विशाळगडावरून दोन्ही राण्यांची रवानगी करणाऱ्या अमात्यांनी त्या ग्रंथात गडकिल्ल्यांविषयी पुष्कळ लिहिले.

शिवाजी १७२६ च्या सुमारास कैदेतच वारला. त्याचा मुलगा रामराजा जन्मताच ताराबाईंनी पन्हाळ्याबाहेर काढून गुप्तपणे वाढवला. नाव आजोबांचेच, कर्नाटकातल्या दप्तरांत रूढ झालेले. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले, तेव्हा ताराबाईंनी हा आपला नातू म्हणून पुढे आणला आणि तो सातारच्या गादीवर बसला. वर्षभरात त्याच्याशी बिनसल्यावर त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले, आणि तो आपला नातू नव्हेच, गोंधळ्याचा पोर आहे, असे जाहीर केले. लपवून वाढवलेल्या मुलाची ओळख पटवायला साक्षीदार फक्त लपवणारीच होती.