शब्दाविना हशा

आपल्या घरातली पोरे दूरचित्रवाणीवर ‘डोरेमॉन’ पाहतात, ‘शिनचॅन’ पाहतात. ही जपानची कार्टूने. आपल्याकडे ती हिंदीत बोलतात. पण एखाद्या दिवशी संचाचा आवाज बंद करून पाहा. पोरे तरीही हसतील. पात्राच्या डोक्याशी घामाचा टपोरा थेंब लटकला की समजावे, गडी ओशाळला. कपाळावर शिरेची फुली उमटली की पारा चढला. आणि कुणी भलतेच काही बोलून गेला तर सगळे चित्र क्षणभर गोठते. कुणी हलत नाही, बोलत नाही. हशा पिकतो तो नेमका तिथे.

या खुणा आल्या कुठून? कागदावरच्या जपानी चित्रकथांत त्या रुळल्या होत्या. पुढे ओसामू तेझुका या चित्रकाराने आपल्या गाजलेल्या यंत्रबालकाची मालिका १ जानेवारी १९६३ पासून दूरचित्रवाणीवर आणली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा खेळ, हाताशी पैसा थोडा, माणसे थोडी. चित्र सुरेख हलवायचे तर एका सेकंदाला डझन-दोन डझन चित्रे काढावी लागतात. ती कुठून काढणार? मग चेहरा स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे, नाही तर एका थेंबावर भागवायचे. टंचाईने शिकवलेली ही विद्या आहे.

तशीच टंचाई आपल्याकडेही होती. चंद्रपूर-गडचिरोलीची झाडी घ्या. (१९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी हा सगळा एकच मुलूख.) धान घरात आले, दिवाळी सरली, की मंडई भरते, दिवसा शंकरपट होतो आणि रात्री मोकळ्या बांधीत दंडार, खडीगंमत किंवा नाटक उभे राहते. पहाटेपर्यंत चालते. वीज नव्हती त्या काळी टेंभ्याच्या, पुढे गॅसबत्तीच्या उजेडात हे खेळ व्हायचे. मागे बसलेल्याला नटाचे डोळे दिसणार नाहीत, आणि पोर रडले की शब्दही विरणार. शिवाय प्रेक्षकांत कुणाच्या घरी झाडीबोली, कुणाच्या गोंडी वा माडिया. सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेराकडे बंगाली. शाब्दिक कोटी निम्म्या बांधीत पोचेपर्यंत शिळी व्हायची.

तेव्हा विनोद अंगात उतरला. लुगडे नेसलेला नाच्या कमरेवर हात ठेवून नुसता वळला की काम झाले. सावकार पोट पुढे काढून यायचा, त्याचा गडी तेच पोट मागून काढून चालायचा; खांद्यावरचा दुपट्टा कधी पदर व्हायचा, कधी लगाम. भरताच्या नाट्यशास्त्राने वाचिक अभिनयाबरोबर आंगिक अभिनयही सांगितला आहे. या मंडळींनी तो ग्रंथ वाचला नसेल. त्यांना शिकवले ते समोरच्या अंधाराने. लंगड्याची, तोतऱ्याची नक्कलही याच पोतडीत असे. ती मला कधी रुचली नाही. हशा स्वस्तात मिळतो, पण ज्याची नक्कल चालते तो गडी त्याच बांधीत बसलेला असतो.

जपानी कार्टून आणि आपला नट यांत एक फरक मात्र मोठा आहे. कार्टूनमधली ती गोठलेली घटका आधी मोजून ठेवलेली असते. कुणी हसो वा न हसो, चित्र पुढे सरकते. दंडारीतला सोंगाड्या थांबतो. पुढची रांग हसली, मधली हसली, शेवटी पार मागे बैलबंडीवर बसलेले हसले, की मग तो मान हलवतो. वडशाच्या नाटक कंपन्यांत आजही सूचकावर, म्हणजे प्रॉम्टरवर, बरीच भिस्त असते. सूचक शब्द पुरवतो. किती वेळ गप्प राहायचे ते काही पुरवू शकत नाही. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव दिल्लीपर्यंत गेले. त्यांची ख्यातीही विनोदी भूमिकांचीच.

आता ध्वनिक्षेपक आला. शब्द शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ पोचतो, आणि विनोद हळूहळू तोंडात शिरतो आहे. तोही पुष्कळदा द्वयर्थी. त्यात छापलेल्या संहितेत संवाद तेवढे राहतात. सोंगाड्या म्हातारा होऊन गेला की त्याची चाल, त्याचे थांबणे त्याच्याबरोबरच जाते. नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती मग पोथीच उरते.

गुरुजी, तुमच्या गावात असा एखादा जुना गडी असेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला दहा मिनिटे द्या. संवाद नकोत, नुसते चालून दाखव म्हणावे. मोबाइलवर चित्रण करा. आणि चित्रण करताना अधूनमधून यंत्र पोरांकडेही वळवा. तो कुणाच्या हसण्यासाठी थांबला होता, ते त्याशिवाय कळायचे नाही.