फायर अलार्म तंत्रज्ञाची साधने

आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवण्यासाठी, तपासण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी तंत्रज्ञ वापरतो ती हत्यारे, मोजमापाची उपकरणे आणि चाचणीची साधने. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, वायर स्ट्रिपर, ड्रिल मशीन ही वायरमनची नेहमीची हत्यारे त्यांत असतातच. या व्यवसायाची खास साधने मात्र वेगळी आहेत. पॅनेलवरचा हिरवा दिवा वीजपुरवठा चालू असल्याचे सांगतो. छतावरच्या डिटेक्टरपर्यंत धूर पोहोचतो की नाही, हे तो सांगू शकत नाही. ते कळते या खास साधनांनी.

यंत्रणेचे नियंत्रण पॅनेल बहुधा २४ व्होल्ट डीसीवर चालते आणि वीज गेल्यावर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ते सांभाळतात. पॅनेलपासून निघालेल्या केबलवर डिटेक्टर आणि हाताने दाबायचे कॉल पॉइंट असतात. मोठा आवाज करणारे हूटर बहुधा वेगळ्या सर्किटवर असतात. ‘कन्व्हेन्शनल’ प्रकारात आग इमारतीच्या कोणत्या भागात (झोनमध्ये) आहे एवढेच पॅनेल दाखवते, तर ‘ॲड्रेसेबल’ प्रकारात नेमक्या डिटेक्टरचा क्रमांक दिसतो.

केबलच्या तपासणीत पहिला मान मल्टिमीटरचा. कन्व्हेन्शनल झोनच्या शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर जोडलेला असतो आणि त्यातून बारीकसा प्रवाह सतत वाहतो. वायर कुठे तुटली की तो थांबतो आणि पॅनेलवर ‘फॉल्ट’चा दिवा लागतो. झोनची वायर पॅनेलपासून सोडवून मोजली असता त्या रेझिस्टरच्या मूल्याच्या जवळपासचा आकडा आला, तर ती टोकापर्यंत सलग आहे. अनंत आला तर तुटलेली, शून्याजवळ आला तर शॉर्ट. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली की ‘अर्थ फॉल्ट’ येऊ लागतात. तेव्हा केबलचे इन्सुलेशन मेगरने तपासतात. मेगर साधारण ५०० व्होल्टचा दाब देतो, म्हणून आधी पॅनेल आणि सगळे डिटेक्टर त्या केबलपासून सोडवावे लागतात. ही पायरी गाळली तर त्यांची सर्किटे जळतात.

या पेशाचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे धूरचाचणीचा दांडा. आजच्या बहुतेक स्मोक डिटेक्टरमध्ये एक अंधारी कोठडी असते. तिच्यातील अवरक्त प्रकाशाचा झोत प्रकाश टिपणाऱ्या ग्राहकावर थेट पडत नाही. धुराचे कण आत आले की प्रकाश विखुरतो, ग्राहकाला जाणवतो आणि अलार्म वाजतो. जाळीवर धूळ किंवा रंग बसला तर धूर आत जातच नाही. एकात एक सरकणाऱ्या फायबरग्लासच्या नळ्यांच्या टोकाला पेला आणि त्यात एरोसोलचा डबा, अशी या दांड्याची रचना असते. पेला डिटेक्टरला टेकवला की धुरासारखे कण बाहेर पडतात. ब्रिटिश बनावटीच्या ‘सोलो’ संचाने सुमारे ९ मीटर उंचीपर्यंतचे डिटेक्टर जमिनीवर उभे राहून तपासता येतात, शिडीवर चढण्याचा धोका टळतो.

आपल्याकडे हेच काम अनेक ठिकाणी उदबत्तीने किंवा विडीच्या धुराने उरकले जाते. ही सवय सोडायलाच हवी: त्या धुराचा चिकट थर कोठडीत साचतो आणि पुढे खोटे अलार्म येऊ लागतात. काही डिटेक्टर लोहचुंबक जवळ नेल्यावरही वाजतात, पण त्यातून फक्त आतले सर्किट तपासले जाते; धुराची वाट मोकळी आहे हे सिद्ध होत नाही. अमेरिशियम-२४१ वापरणारे जुने आयोनायझेशन डिटेक्टर साफसफाईसाठीसुद्धा जागेवर उघडू नयेत.

स्वयंपाकघर, जनरेटर खोली अशा जागी हीट डिटेक्टर असतात. काही ठरावीक तापमानाला वाजतात, ५७ अंश सेल्सिअस हा त्यांतला प्रचलित आकडा. काही तापमान झपाट्याने वाढल्यास वाजतात. त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारा, गरम हवा फेकणारा टेस्टर दांड्यावर बसवतात. लायटर किंवा मेणबत्ती कधीही वापरू नये.

हूटर वाजला म्हणजे तो सगळ्यांना ऐकू आला, असे नाही. त्यासाठी डेसिबल मीटर लागतो. ब्रिटिश मानक बीएस ५८३९ नुसार सर्वसाधारण जागी आवाज ६५ डेसिबल आणि झोपलेल्या माणसाला उठवायचे असेल तेथे उशाशी ७५ डेसिबल असावा. म्हणून हॉटेलच्या खोलीत दार बंद करून, मीटर उशीजवळ धरूनच मोजणी करायची असते.

ॲड्रेसेबल डिटेक्टरला क्रमांक देण्यासाठी कंपनीनुसार बारीक स्विच, फिरत्या चकत्या किंवा हातातला प्रोग्रामर वापरतात. कॉल पॉइंटसाठी चाचणीची किल्ली असते, त्यामुळे काच फोडावी लागत नाही. बॅटरीचा नुसता व्होल्टेज पाहणे पुरेसे नाही; ती लोडवर किती टिकते ते लोड टेस्टर दाखवतो.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळांचा जीव गेला. ज्यांना स्वतःहून पळता येत नाही, त्यांच्यासाठी सूचनेचे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. भारतात या यंत्रणांची निवड, उभारणी आणि देखभाल यांसाठी आयएस २१८९ हे मानक आहे. महाराष्ट्रातील २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार, कायद्याच्या कक्षेतील इमारतींच्या मालकांना किंवा भोगवटादारांना परवानाधारक एजन्सीचे देखभाल प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते. ते हाती घेण्यापूर्वी सोसायटीच्या समितीने आपल्यासमोर दोन-चार डिटेक्टरांची धूरचाचणी करून घ्यावी आणि पॅनेलवरील नोंदी त्या चाचणीशी ताडून पाहाव्यात.